व्हॉल्टेअरचा प्रश्न आणि रूसोचें उत्तर

१ नोव्हेंबर १७५५ रोजीं सकाळीं, सर्व संतांच्या सणानिमित्त लिस्बन शहरांतील प्रार्थनामंदिरें भाविकांनीं गजबजलेलीं असतां, भूकंप झाला. मागोमाग समुद्र शहरांत शिरला आणि उरलेंसुरलें आगीनें गिळलें. देवाच्या आसऱ्यास आलेल्यांवरच देवाचें छप्पर कोसळावें, या विपरीत गोष्टीनें साऱ्या युरोपची मति गुंग झाली, आणि तिच्यांतून एक वाङ्मयीन वाद उद्भवला. हा वाद पुन्हा वाचून पाहण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

जें आहे तें सर्व ठीकच आहे, असें म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांवर व्हॉल्टेअरनें १७५६ सालच्या आपल्या काव्यांत शस्त्र उपसलें. निरपराध बालकांच्या मृत्यूचा जाब तो मागतो, आणि तो मागतांना त्याचा नेहमींचा उपहास गळून पडतो. काव्य जळजळीत आहे, यांत शंका नाहीं. तथापि त्यांत एक न्यून आहे. तें बहुतेक आकाशाकडे तोंड करून लिहिलेलें आहे. देवावर रागावलेला मनुष्यहि शेवटीं देवाच्याच दारांत उभा असतो.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें रूसोनें व्हॉल्टेअरला एक दीर्घ पत्र लिहिलें. तो निघाला ईश्वरी योजनेची वकिली करावयास. परंतु त्याच्या हातून घडलें भलतेंच! सहा-सात मजली घरांची ती दाटी कांहीं निसर्गानें उभारली नव्हती, विरळ वस्तींत व हलक्या घरांत हानि पुष्कळच कमी झाली असती, असें त्यानें दाखविलें. देवाला निर्दोष ठरवितां ठरवितां या आस्तिकानें माणसालाच पिंजऱ्यांत उभें केलें. काव्यगुणांत व्हॉल्टेअर सरस खरा, पण विचाराचें पाऊल पुढें पडलें तें या गद्य पत्रांत, असा आमचा अभिप्राय आहे.

मात्र रूसोचें उत्तरहि अपुरें आहे. घर कोणतें बांधावें, हें निवडणें सर्वांच्या हातीं कोठें असतें? याचा दाखला आमच्या घराजवळचाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असतां, किल्लारी व आसपासच्या गांवांत सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद! तें माळवद उन्हाळ्यांत घर थंड ठेवी. शेतकऱ्यानें आपल्या अनुभवास स्मरून शहाणपणानेंच तें घातलें होतें. भूकंपाच्या नकाशावर तर तो प्रदेश सर्वांत निर्धास्त पट्ट्यांत दाखविलेला होता. मग दोष त्या शेतकऱ्याच्या माथीं मारणें हें त्याच्या पूर्वजन्मीच्या पापाकडे बोट दाखविण्याइतकेंच निर्दय नव्हे काय? जबाबदारी ज्ञानाच्या प्रमाणांत वाढते. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याच्या हातीं साधनें आहेत, त्यानें आधीं उत्तर दिलें पाहिजे.

लिस्बनमध्यें तसें उत्तर देणारा एक पुरुष निघाला. पुढें पोंबाल या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्यानें गांवोगांवच्या धर्मगुरूंस प्रश्नावली धाडून धक्का किती वेळ टिकला, माणसें किती मेलीं, हें विचारलें. नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसविले. उलट मालाग्रिदा नांवाचा पाद्री लोकांस सांगत होता कीं, निवारे कसले उभारतां, प्रायश्चित्त घ्या! पण १७६१ सालीं, पोंबालच्याच अमलांत, त्या वृद्धास जाहीरपणें ठार करण्यांत आलें. येथें आम्हांस थबकावें लागतें. देवाचें काम माणसानें अंगावर घ्यावें. देवाचें आसन मात्र बळकावूं नये.

१७५९ सालच्या ‘कांदीद’ कादंबरींत व्हॉल्टेअरची दृष्टि अखेर आकाशावरून खालीं येते. तिचा नायक वादविवाद सोडून आपल्या बागेच्या मशागतीस लागतो. कित्येकांस हा शेवट संसारी माणसाचा पळपुटेपणा वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. कुदळ हातीं घेतलेला मनुष्य निदान कोणाच्या नांवानें हांका मारीत बसलेला नसतो. आमची तक्रार एवढीच कीं, त्या बागेस कुंपण आहे, आणि शेजाऱ्याची भिंत कुंपणापलीकडे आहे. ईश्वर आहे कीं नाहीं, याचा निकाल ज्यानें त्यानें आपल्या देवघरांत करावा. शेजाऱ्याची ती भिंत कच्ची आहे हें कळल्यावर आपण काय केलें, हा प्रश्न मात्र देवघराच्या बाहेरचा आहे, आणि तो आपणांसच विचारलेला आहे.