चित्र सांगणारे यंत्र आणि न सांगितलेले नाव : स्वयंचलित पर्यायी मजकुराची चिकित्सा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कुशीनारा येथील महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्या दिवसाची कृष्णधवल छायाचित्रे आज असंख्य संकेतस्थळांवर पाहावयास मिळतात. डोळस वाचकाला ती एका क्षणात ओळखू येतात. परंतु एखादा दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडरच्या साहाय्याने तेच पान ऐकत असेल, तर छायाचित्रापाशी येताच त्याला काय ऐकू येते? पान तयार करणाऱ्याने छायाचित्राला पर्यायी मजकूर जोडला असेल तर तो मजकूर. जोडला नसेल तर ‘ग्राफिक’ हा एकच शब्द, किंवा कॅमेऱ्याने फाइलला दिलेली अक्षरे व आकडे. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या दशकात यंत्रानेच चित्राचे वर्णन करावे अशी व्यवस्था अस्तित्वात आली. ती सोयीची आहे यात शंका नाही. मात्र यंत्र जे सांगते त्याला ‘पर्यायी मजकूर’ म्हणता येईल काय, हा प्रश्न तांत्रिक असण्यापेक्षा वाङ्मयीन अधिक आहे, आणि म्हणूनच तो केवळ संगणकशास्त्र विभागावर सोपवून चालणार नाही.

पर्यायी मजकुराची कल्पना नवी नाही. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये चित्राला ‘ऑल्ट’ हा गुणधर्म देण्याची तरतूद होती. १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने तो अनिवार्य केला. मे १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अगदी पहिले कलम याच विषयाचे होते. या सर्व तरतुदींमागील सूत्र लक्षात घेण्यासारखे आहे. चित्रात काय दिसते ते सांगणे एवढाच पर्यायी मजकुराचा हेतू नाही. त्या पानावर ते चित्र जे कार्य करते, तेच कार्य शब्दांनी करणे हा त्याचा हेतू आहे. त्यामुळे एकाच चित्राचे मजकूर भिन्न असू शकतात. दीक्षाभूमीच्या स्तूपाचे छायाचित्र वास्तुशास्त्राच्या पाठात असेल तर घुमटाचा आकार सांगावा लागेल. प्रवासमाहितीच्या पानावर स्थळाचे नाव पुरेल. आणि ते केवळ शोभेची पट्टी म्हणून वापरलेले असेल तर मजकूर जाणीवपूर्वक रिकामा ठेवणे हेच योग्य ठरेल. अर्थात पर्यायी मजकूर लिहिणाऱ्याला चित्राइतकेच पानही वाचावे लागते.

यंत्र काय वाचते? २०१४ च्या सुमारास गूगलमधील ओरिओल विन्याल्स व सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत एक जालप्रणाली चित्राचे आकड्यांत रूपांतर करते आणि दुसरी त्या आकड्यांवरून एकामागून एक शब्द निवडून वाक्य रचते. कोणता शब्द निवडावयाचा हे ती प्रणाली माणसांनी वर्णिलेल्या हजारो चित्रांवरून शिकते. या शिक्षणासाठी सर्वाधिक वापरला गेलेला संग्रह म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने २०१४ मध्ये सिद्ध झालेला ‘कोको’. त्यात वस्तूंचे ८० वर्ग चिन्हांकित आहेत. बेसबॉलची बॅट आहे, बर्फावर घसरण्याची फळी आहे, हॉट डॉग आणि डोनट आहेत. (नागपूरकरांच्या समाधानासाठी सांगावयाचे तर संत्रेही आहे.) मात्र एकही वाद्य नाही, त्यामुळे ज्या विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, तेथील भिंतीभिंतीवर दिसणारी खंजिरी या यादीत सापडत नाही. चष्मा मूळ ९१ वर्गांच्या यादीत होता. प्रत्यक्ष चिन्हांकित संग्रहातून तो वगळला गेला. गळ्यातील टाय मात्र राहिला.

वस्तूंची यादी वाढवता येते. तिच्यापेक्षा वर्णने लिहिणाऱ्यांना दिलेल्या सूचना अधिक मूलगामी आहेत. प्रत्येक चित्रासाठी किमान पाच वाक्ये लिहून घेण्यात आली. ती लिहिणारे ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या व्यवस्थेवर मोबदला घेऊन काम करणारे लोक होते. वाक्यात किमान आठ शब्द असावेत, दृश्यातील सर्व महत्त्वाचे भाग यावेत, असे त्यांना सांगितले होते. त्याबरोबर काही निषेधही होते. पूर्वी काय घडले असावे किंवा पुढे काय घडेल ते लिहू नये. चित्रातील व्यक्ती काय बोलत असेल ते लिहू नये. आणि माणसांना विशेषनामे देऊ नयेत. अनोळखी चित्रांसाठी हे नियम समंजस आहेत. पण याच निषेधांवर वाढलेले यंत्र १९५६ च्या छायाचित्रासमोर उभे केले की काय होणार हे सांगण्यासाठी प्रयोगाची गरज नाही. त्या छायाचित्राला अर्थ देणाऱ्या गोष्टी तीन : कोण, केव्हा आणि त्यापूर्वी काय घडले. वर्णनाच्या नियमांनी नेमक्या याच तीन गोष्टी दाराबाहेर ठेवल्या आहेत. उरते ते ‘लोकांच्या समूहासमोर उभा असलेला एक माणूस’ असे काहीतरी. हे विधान खोटे नाही; अपुरेही म्हणता येणार नाही, कारण दिलेल्या नियमांप्रमाणे ते परिपूर्ण आहे. हीच खरी अडचण आहे.

दृष्टिहीनाला दृश्य सांगण्याची आपल्याकडील सर्वपरिचित कथा संजयाची. धृतराष्ट्राचा प्रश्न रणभूमीवर काय काय दिसते असा नव्हता. माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केले, असा होता. उत्तरात प्रथम येतात ती नावे. रथ, घोडे व शंख येतात तेही कोणाचे हे सांगत येतात.

मराठीपुरता विचार केला असता प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. इंग्रजीत क्रियापदाला लिंगाची बाधा होत नाही. मराठीत ‘उभा’, ‘उभी’ किंवा ‘उभे’ यांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरवणे योग्य नाही या भूमिकेतून गूगलने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या चित्रओळख सेवेतील तशी लेबले काढून ‘व्यक्ती’ हा शब्द स्वीकारला. भूमिका आदरणीय आहे. परंतु मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. अनुवादाच्या ओघात ‘एक व्यक्ती उभी आहे, तिने चष्मा घातला आहे’ असे वाक्य तयार होते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात वेगळीच आकृती उभी राहते. याहून सूक्ष्म प्रश्न आदरार्थी बहुवचनाचा. ‘माणूस उभा आहे’ आणि ‘बाबासाहेब उभे आहेत’ या दोन वाक्यांतील अंतर केवळ माहितीचे नाही. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याचा त्या व्यक्तीशी काही संबंध नाही; दुसऱ्यात आहे. मराठीत तटस्थ वर्णन म्हणून एकवचन वापरता येत नाही, कारण एकवचन हीही एक भूमिकाच असते. ज्या समाजाला शतकानुशतके एकेरीतच हाक मारली गेली, त्याच्या इतिहासातील या छायाचित्राबाबत ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही.

प्रत्यक्ष वापराचा अनुभव काय सांगतो? फेसबुकने एप्रिल २०१६ मध्ये स्वयंचलित पर्यायी मजकूर सुरू केला. प्रारंभी त्याचे रूप वाक्याचे नसून यादीचे होते, आणि यादीच्या आधी ‘प्रतिमेत असू शकते’ अशा अर्थाचे शब्द असत. कानाला हे रुक्ष वाटले तरी त्यात एक प्रामाणिकपणा होता. हेली मॅक्लाउड व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की दृष्टिहीन वापरकर्ते यंत्राच्या वर्णनावर मोठा विश्वास टाकतात. वर्णन आणि भोवतालचा मजकूर जुळत नसेल तर चुकीचा संशय न घेता मधले दुवे स्वतःच कल्पून घेतात. पडताळणीचे साधन ज्याच्याजवळ नाही त्याला दिलेल्या अस्खलित वाक्याची जबाबदारी म्हणूनच अधिक असते. या निकषावर पाहता ती रुक्ष यादी नंतरच्या डौलदार वाक्यांपेक्षा सरस होती असे म्हणावे लागते.

२०२३ पासून प्रचारात आलेल्या बहुरूपी भाषाप्रतिमानांमुळे चित्र बदलले आहे. ती मराठीत परिच्छेदभर वर्णन करतात, फलकावरील अक्षरे वाचतात, प्रसिद्ध वास्तू पुष्कळदा ओळखतात. चेहऱ्यावरून माणसाचे नाव सांगण्याबाबत मात्र खासगीपणाच्या रक्षणासाठी ओपनएआयसारख्या कंपन्यांनी त्यांच्यावर बंधने घातली. म्हणजे पूर्वी अज्ञानामुळे न सांगितलेले नाव आता धोरणामुळे सांगितले जात नाही, असे होऊ शकते; आणि जेथे ठाऊक नाही तेथे ही प्रतिमाने आत्मविश्वासाने काहीतरी रचूनही देतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की काहीच नसण्यापेक्षा थोडे असणे बरे. हा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख दृष्टिबाधित व्यक्ती आहेत. प्रत्येक चित्राला जाणकार लेखक मिळेपर्यंत त्यांनी थांबावे असे म्हणण्याचा अधिकार डोळसांना नाही. शिवाय एका क्षेत्रात यंत्राची उपयुक्तता निर्विवाद आहे. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरील परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीची सूचना, प्रवेशाची यादी ही अनेकदा सही-शिक्क्याच्या कागदाचे स्कॅन केलेले चित्र असते. तेथे अर्थ लावावयाचा नसून अक्षरे ओळखावयाची असतात, आणि देवनागरी अक्षरओळख आज बरीच समाधानकारक झाली आहे. (मूळ सूचना युनिकोडमध्ये टंकून टाकली असती तर यंत्राचीही गरज पडली नसती, हा भाग वेगळा.) अंतिम तारीख कळणे विद्यार्थ्याच्या दृष्टीने कोणत्याही सुंदर वर्णनापेक्षा मोलाचे आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने माहितीची सुगम्यता शासनावर बंधनकारक केली. तथापि त्याखालील नियम १५ चे स्वरूप केवळ शिफारशीचे राहिले होते; सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या निकालात डिजिटल सेवांची सुगम्यता राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडली गेली. असे निकाल आले की संस्थांचा कल सर्व चित्रांना एका रात्रीत यंत्राकडून मजकूर लावून घेण्याकडे होणे स्वाभाविक आहे. तपासणी करणारी साधनेही मजकूर आहे की नाही एवढेच पाहतात. तो काय म्हणतो हे पाहत नाहीत.

दीक्षाभूमीवरील छायाचित्राला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर धम्मदीक्षेच्या दिवशी, नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६’ एवढा मजकूर लिहिण्यास एक मिनिट पुरते. छायाचित्र चढवणाऱ्या लिपिकासमोर ती चौकट दर वेळी येते आणि बहुधा रिकामी राहते, कारण ते काम संगणक कक्षाचे समजले जाते. इतिहासाच्या पानावरील चौकट इतिहास विभागाने आणि तुकडोजी महाराजांच्या हातातील खंजिरीची मराठी विभागाने भरावयाची आहे.