भिंतीवरच्या भूकाल-तक्त्यातील रेघा

मागे शिक्षकांच्या एका शिबिरात एका बाईंनी मला विचारले, "सर, कँब्रियन कल्प ५७ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असे मी पंधरा वर्षे शिकवते आहे. यंदा एका मुलाने ५३.९ कोटी लिहिले. मी त्याचा अर्धा गुण कापला. बरोबर केले ना?" मुलाचा आकडा आजच्या तक्त्याशी जुळतो, एवढे मी सांगितले. त्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षे पृथ्वीचा इतिहास चुकीचा होता?" याचे उत्तर मला तेथे उभ्या उभ्या देता आले नाही. घरी येऊन मी तो तक्ता पुन्हा समोर घेतला आणि एखादे पुस्तक परीक्षणासाठी वाचावे तसा तो वाचला.

हा तक्ता आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोग तयार करतो. हिरव्या, निळ्या, पिवळ्या चौकटी, त्यांत कल्पांची आणि युगांची नावे, आणि कडेला वर्षांचे आकडे. काही आकड्यांशेजारी एका छोट्या सोनेरी खिळ्याचे चित्र असते. ते चित्र आपण सहसा शोभेचे समजतो. माझ्या मते तक्त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

दोन कालखंडांमधील सीमा निसर्गाने आखून दिलेली नसते. जगात कोठेतरी एक अखंड, नीट अभ्यासलेला खडकांचा कडा निवडायचा, त्यातल्या एका विशिष्ट थरावर बोट ठेवायचे, आणि 'याच्या खाली जुना कल्प, येथून वर नवा' असे सर्वांनी मिळून ठरवायचे. या बिंदूला अभ्यासक सोन्याचा खिळा म्हणतात. अशा निर्णयाला आयोगात साठ टक्के मते लागतात, आणि एकदा झालेला निर्णय निदान दहा वर्षे बदलता येत नाही. विज्ञानात मतदान कसले, असे कोणी विचारील. पण येथे मतदान सत्यावर होत नाही, व्याख्येवर होते. मीटर म्हणजे किती हेही असेच सर्व देशांनी मिळून ठरवलेले आहे.

पहिला खिळा कसा ठोकला गेला तो इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे. सिल्युरियन कल्प कोठे संपतो आणि डेव्होनियन कोठे सुरू होतो यावर युरोपातच एकवाक्यता नव्हती. एका देशात सिल्युरियन म्हणून नोंदलेले थर दुसऱ्या देशात डेव्होनियन ठरत. दिवस शीतयुद्धाचे होते. ऑगस्ट १९६८ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद भरली असतानाच वॉर्सा कराराची सैन्ये शहरात शिरली, आणि परिषद अर्ध्यावर आटोपावी लागली. तरीही चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, माँट्रिअलच्या परिषदेत त्याच चेकोस्लोव्हाकियातील क्लोंक येथील कड्याच्या विसाव्या थरावर शिक्कामोर्तब झाले. राजकारण्यांना जमले नाही ते वैज्ञानिकांनी करून दाखवले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण वैज्ञानिकही आपापल्या देशाच्या कड्यासाठी हिरीरीने भांडत असतात. फरक एवढाच, की भांडण संपले कधी याची तारीख त्यांच्याकडे असते.

आता कँब्रियनकडे येऊ. त्याच्या तळासाठी चीन, सायबेरिया आणि कॅनडा येथील स्थळांत दीर्घ काळ चुरस होती. १९९२ मध्ये कॅनडातील न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावरचे फॉर्च्यून हेड निवडले गेले. खूण मानली गेली ती एका अज्ञात प्राण्याने चिखलात केलेल्या बिळांच्या ठशांची. प्राण्याचे शरीर सापडलेले नाही, त्याची वाट तेवढी उरली आहे. पुढे याच कड्यात खिळ्याच्या सुमारे चार मीटर खालीही तसेच ठसे सापडले! खिळा मात्र होता तेथेच राहिला. हे व्याख्येच्या नियमाला धरून आहे, पण तक्ता पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

माझा पहिला आक्षेप येथे सुरू होतो. फॉर्च्यून हेडच्या सीमेजवळ वय मोजता येईल असा ज्वालामुखीच्या राखेचा थर नाही. मग ५३.८८ कोटी हा आकडा आला कोठून? आधी तक्त्यात ५४.१ कोटी होते, ते ओमानमधील राखेवरून. आताचा आकडा नामिबियातील राखेवरून आला आहे. राखेतल्या झिरकॉन या खनिजात युरेनियमचे शिसे किती झाले ते मोजून वय काढतात, आणि हे मोजमाप आज थक्क करणाऱ्या अचूकतेने होते. पण ओमानमधला किंवा नामिबियातला थर कॅनडातल्या खिळ्याच्या नेमक्या पातळीचा आहे हे मोजता येत नाही. ते जीवाश्मांवरून आणि कार्बनच्या समस्थानिकांवरून जुळवावे लागते. तक्त्यात आकड्यापुढे अधिक-उणे चिन्ह देऊन काही लाख वर्षांची अनिश्चितता दाखवली आहे. ती राखेच्या वयाची आहे. जुळवणीत चूक झाली असेल तर ती कितीची, याला तक्त्यात जागाच नाही. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. १९९२ पासून खिळा हललेला नाही, हलला तो आकडा, आणि तो पुन्हा हलू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आपल्या पायांखालच्या खडकांशी निगडित आहे. तक्त्यात चार उभे स्तंभ आहेत. पहिल्या तिघांत कँब्रियनपासून आजपर्यंतचा काळ आहे. त्याआधीचा सगळा काळ, म्हणजे पृथ्वीच्या आयुष्याचा सुमारे ८८ टक्के भाग, चौथ्या स्तंभात कोंबला आहे. त्या काळातले जीवाश्म सीमा ठरवण्याच्या फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणून १९९०च्या सुमारास तेथे सरळ गोल आकडे घेतले गेले: २५० कोटी, १६० कोटी, १०० कोटी. त्या स्तंभात आजवर जेमतेम एक नाव घेण्याजोगा खिळा आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकरन कल्पाच्या तळाचा, २००४ सालचा.

गोल आकडे घेतले याबद्दल माझी तक्रार नाही. काही नव्हते तेव्हा काहीतरी हवे होते. तक्रार नावांबद्दल आहे. २०५ ते १८० कोटी वर्षांच्या चौकटीला 'ओरोसिरियन' म्हटले आहे, ग्रीक भाषेतील पर्वतरांगेवरून. १२० ते १०० कोटींची चौकट 'स्टेनियन', म्हणजे अरुंद, कारण त्या काळातले गिरिजननाचे पट्टे अरुंद. म्हणजे नाव पर्वतांचे आणि रेघ गोल आकड्याची. पर्वत मात्र रेघ पाहून उभे राहत नाहीत. रोडिनिया या प्राचीन महाखंडाच्या जुळणीवर आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक सहसंबंध कार्यक्रमाने १९९९ पासून एक प्रकल्प चालवला. अनेक देशांच्या अभ्यासकांनी मिळून २००८ मध्ये त्याचा गोषवारा प्रसिद्ध केला. त्यात ही जुळणी १३० ते ९० कोटी वर्षांपूर्वीच्या गिरिजननांतून झाली असे म्हटले आहे. आपला पूर्व घाट आणि पूर्व अंटार्क्टिकाचा किनारा तेव्हा एकाच पर्वतपट्ट्यात होते, आणि तेथील मुख्य रूपांतरण १०० ते ९० कोटींच्या दरम्यानचे आहे. स्टेनियनची चौकट तोपर्यंत संपलेली असते! या गोषवाऱ्याचा मला आवडलेला गुण असा, की खंडांच्या पर्यायी मांडण्यांचीही त्यात चर्चा आहे. वाद कोठे आहेत हे वाचकाला दिसते. तक्ता तेवढा मोकळा नाही.

असे असूनही मी हा तक्ता भिंतीवरून काढा म्हणणार नाही. त्याच्याइतका काटेकोर आणि सर्वमान्य दुसरा तक्ता नाही. पण चौथ्या स्तंभाखाली 'येथील रेघा सोयीसाठी आखल्या आहेत' अशी एक ओळ शिक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहावी. आयोगाने ती छापायला हवी होती.

नागपूर-भंडारा भागातल्या शिक्षकांना तर हे प्रत्यक्ष दाखवता येईल. मनसर आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी सौसर गटाच्या खडकांत आहेत. हे खडक ज्या गिरिजननात घड्या पडून रूपांतरित झाले ते सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचे मानले जाते, काही मोजमापे रेघेच्या अलीकडची, काही पलीकडची. मूळ गाळ कधी साचला यावर तर अजून वाद आहे. माझ्या टेबलावर त्या भागातला एक काळा, जड दगड आहे. तक्ता उलगडून मी तो ठेवून पाहिला. स्टेनियन आणि त्यावरची टोनियन, दोन्ही चौकटी त्याने झाकल्या.