बोलींचा नकाशा आणि गावकुसाची रेघ

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्र विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आणि डॉ. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली जमलेली सामग्री ध्वनिमुद्रणे व नकाशांसह सर्वांना खुली केली. ही घटना स्वागतार्ह आहे. जे बोलणे 'अशुद्ध' ठरवून शाळेच्या उंबरठ्यावर अडविले गेले, ते आता विद्यापीठीय संशोधनाचा विषय झाले आहे. परंतु केवळ स्वागत करून थांबणे हे आपले काम नव्हे. बोलणे कुणाचे टिपले, ते कुणी टिपले आणि टिपल्यानंतर त्याचे काय झाले, हे तीन प्रश्न प्रत्येक भाषा-सर्वेक्षणाला विचारले पाहिजेत.

किल्लारीकडून पाहिले म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासच देतो. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. आजही मराठी बोलींची चर्चा त्याच्या वर्गीकरणापासून सुरू होते. पण त्या सर्वेक्षणाचे काम मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानांत झालेच नाही. म्हणजे निजामाच्या राज्यातला मराठवाडा मराठीच्या पहिल्या मोठ्या मोजणीतून वगळला गेला. पुढे 1960 नंतर डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीचे खंड सिद्ध केले. दक्षिण कॅनरा, कुडाळ, कोचीन, काणकोण, कासरगोड, ठाण्याचे वारली : काम मोलाचे, शिस्तीचे, पण ही नावे किनाऱ्याची आणि त्याच्या आसपासची आहेत. तेरणा-मांजरेच्या खोऱ्यातला माणूस पुन्हा बाहेरच राहिला.

अभ्यास झाला नाही तिथे चेष्टा झाली. "काय करायलास?" हे लातूर-नांदेडकडचे वाक्य विनोदी नाटकांत हशा मिळविण्यासाठी वापरले जाते. वस्तुतः करायलोय, करायलास, करायलाय, करायलीय या रूपांत पुरुष, लिंग व वचन यांचा नियम चोख पाळलेला आहे. ज्याला नियम आहे ते व्याकरण. त्याला चूक म्हणणे हा भाषेचा निर्णय नसून सत्तेचा निर्णय आहे. आणि हा निर्णय सर्वांत जड कुणावर पडतो? ज्याच्या घरात पुस्तकी मराठी बोलणारे कुणीच नव्हते, त्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यावर. उत्तर ठाऊक असूनही तो वर्गात तोंड उघडत नाही.

परंतु 'मराठवाडी बोली' एवढे म्हणूनही भागत नाही. नकाशावर गाव म्हणजे एक ठिपका. त्या ठिपक्याच्या आत वेस आहे, पांढरी आहे, मांगवाडा आहे, महारवाडा आहे. बोलणाऱ्याची सामाजिक नोंद वहीत झाली, तरी ठिपक्यात ती दिसत नाही. इथे आपल्याला जॉन गम्पर्झ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची आठवण ठेवली पाहिजे. 1958 साली त्याने उत्तर प्रदेशातील खालापूर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अस्पृश्य जातींचे बोलणे तिथे इतरांहून वेगळे होते. कारण काय? शेतावर, कामावर संबंध रोजचा होता. पण मैत्रीचा, ओसरीवर बसून गप्पांचा संबंध नव्हता. म्हणजे उच्चाराला वळण लावले ते अस्पृश्यतेने. भूगोलाने नव्हे.

याच गम्पर्झने रॉबर्ट विल्सनसह 1971 साली सांगलीजवळच्या कुपवाडवर लिहिले. तिथे जैनांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू आणि दलितांच्या घरी मराठी. गावाच्या सामाईक व्यवहाराला मात्र मराठीच. शेकडो वर्षांच्या शेजाराने या भाषांची वाक्यरचना एकमेकींजवळ आली, शब्द मात्र वेगळे राहिले, असा त्यांचा निष्कर्ष. चार दशकांनंतर कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडला पुन्हा जाऊन तो निष्कर्ष तपासला. असा पुनर्विचार हेच शास्त्राचे चारित्र्य. आपल्या दृष्टीने मात्र त्यातली एक गोष्ट विसरता येणार नाही : गावाची सामाईक भाषा ज्यांच्या घरची, त्यांना सामाईक पाणवठा नव्हता.

आता किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने हा परिसर जमीनदोस्त केला. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविली गेली. घरे मिळाली ती जमिनीच्या मापाने : भूमिहीन व अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या जमीनदारांना 750. भूमिहीन कोण होते हे सांगण्याची गरज नाही. जुने गावकूस मातीत गेले आणि नवी रेघ चौरस फुटांत आखली गेली. मग प्रश्न असा की नव्या रस्त्यांवर, नव्या शाळेत, नव्या पाराजवळ बोलण्याचा संबंध बदलला काय? भूकंपानंतर जन्मलेली पिढी एकमेकांसारखी बोलते, की बापजाद्यांच्या वस्तीसारखी? खालापूरचा सिद्धांत तपासायला याहून योग्य जागा कोणती? भूगर्भाचे अभ्यासक इथे आले. भाषेच्या अभ्यासकांनीही आले पाहिजे.

आणि ते कुणी यावे? आजवर वस्तीतला माणूस संशोधनात आला तो माहिती देणारा म्हणून. त्याने बोलायचे, दुसऱ्याने लिहायचे, पदवी तिसऱ्याला. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली, नामविस्ताराच्याच वर्षी, स्थापन झाले. लातूर जिल्हा त्याच्याच कक्षेत आहे. 1978 च्या नामांतर दंगलीत ज्या वस्त्यांनी आपली घरे जळताना पाहिली, त्यांची मुले आज या विद्यापीठाच्या वर्गांत बसतात. ध्वनिमुद्रक त्यांच्या हाती द्या. आपल्या आजीचे बोलणे ती कुणाहीपेक्षा नेमके टिपतील. तिने कोणता शब्द कुणासमोर गिळला, हेही त्यांनाच कळेल.

राहिला तिसरा प्रश्न, टिपलेल्याचे काय झाले? मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांचा अभ्यास केला आणि पुढे त्याच गावी दलित वस्तीतील मुलांसाठी वर्ग चालविले, शाळा उभारली. संशोधन असे फळ्यापर्यंत पोचले पाहिजे. आमच्या बोलीचे नकाशे खुले झाले, पण उत्तरपत्रिकेवर तीच बोली लाल शाईने कापली जात असेल, तर आमचे बोलणे फक्त संग्रहालयात जमा झाले असे म्हणावे लागेल. म्हणून शिक्षक मित्रांना एवढेच सांगायचे आहे : प्रमाण मराठी जरूर शिकवा, ती आपल्या मुलांच्या हक्काची आहे; पण घरची बोली चूक ठरवून शिकवू नका. ज्याला आपल्या बोलण्याची लाज वाटायला लावली, त्याला आपल्या हक्काचे बोलायला कोण शिकविणार?