जर्नल, रोजनिशी आणि रोजकीर्द

कर्जत-खोपोलीकडच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला 'जर्नल' म्हटले की प्रयोगवही आठवते, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला जमाखर्चाची वही. संशोधक त्याच शब्दाने नियतकालिक ओळखतो आणि इंग्रजी वाचक खासगी डायरी. या सर्वांच्या मुळाशी लॅटिनमधला 'दिएस' म्हणजे दिवस आहे. त्यावरून 'दिउर्नालिस' आणि फ्रेंचमार्गे 'जर्नल'. एका दिवसाची मजल ती 'जर्नी', हीसुद्धा त्याच कुळातली. 'डायरी'चे मूळ 'दिआरिउम' तर आधी रोजच्या शिध्याचे नाव होते. मनातले लिहिण्याचा अर्थ दोन्ही शब्दांना मागाहून चिकटला.

मराठीने हे अर्थ वेगळे ठेवले. 'रोजनिशी'तली 'निशी' फारसी 'नविसी', म्हणजे लेखन. फडणीस, चिटणीस यांतला 'नीस' तोच. 'रोजकीर्द' मात्र दप्तराची: त्या त्या दिवसाची जमा, खर्च, हुकूम. अकरावीच्या पुस्तपालनात जर्नलला आजही रोजकीर्दच म्हणतात.

गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दींतून काढलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले, ते इंग्रजी शीर्षकात 'डायरीज' होऊन. इथे घोटाळा झाला. डायरी म्हटल्यावर वाचक पेशव्याचे मन शोधतो आणि वतने, वसुली, इनामे पाहून निराश होतो. न्यायमूर्ती रानड्यांना मात्र या कागदांचे मोल नेमके कळले होते. बखरी राजकारण सांगतात, लोक कसे जगत होते ते सांगत नाहीत. ती उणीव हे कागद भरून काढतात, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले.

खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला नाना फडणिसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ आहे. नानांनी आत्मवृत्तही लिहिले. ते पानिपताच्या सुमारास थांबते. त्यात नानांचे मन भेटते, पण तळे खणणारे हात भेटत नाहीत. अशा हातांचा माग लागलाच तर मजुरीच्या नोंदीत, हिशेबाच्या वहीतच लागेल.

म्हणून 'पेशव्यांच्या डायऱ्या' म्हणणे सोडून 'रोजकीर्दी' म्हणावे, हा आग्रह निव्वळ शुद्धतेचा नाही. नाव चुकले की आपण चुकीच्या माणसाला शोधू लागतो, आणि जो पानावर हजर आहे तो नजरेआड होतो.