३४० आणि शून्य : संसदेतलं उत्तर कसं वाचायचं?

प्रपोजलमध्ये आकड्याखाली ‘लोकसभा, अतारांकित प्रश्न’ असं लिहिलं की आपल्याला एकदम भारी वाटतं. मंत्र्यांनी सभागृहात दिलाय म्हणजे आकडा पक्का! एमएस्सी करून पीएचडीला आलो तेव्हा मीही असंच समजत होतो. मग एकाच खात्याची, एकाच वर्षातली दोन उत्तरं शेजारी ठेवून वाचली.

फेब्रुवारी २०२१. सामाजिक न्याय खात्याने लोकसभेत सांगितलं की गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत, ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यमंत्री रामदास आठवले यांचं राज्यसभेतलं उत्तर आलं : हाताने मैला साफ करण्यामुळे गेल्या पाच वर्षांत एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही.

तेव्हा बरीच ओरड झाली. सरकार खोटं बोललं, असं म्हणणं सोपं आहे. माझ्या मते प्रकरण त्याहून वाईट आहे, कारण कायद्याच्या भाषेत दोन्ही उत्तरं बसतात. २०१३ च्या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. अस्वच्छ शौचालयातला किंवा त्याची घाण जिथे पडते त्या उघड्या गटारातला, खड्ड्यातला मैला हाताने काढणं ही एक. सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं ही दुसरी. तिला कायदा ‘धोकादायक सफाई’ म्हणतो. बंदी दोन्हींवर आहे. पण गुदमरून मरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या व्याख्येतला माणूस. पहिल्या व्याख्येचे शब्द वापरून प्रश्न विचारला की उत्तर शून्य येणार, हे विचारण्याआधीच ठरलेलं असतं. उत्तर प्रश्नाच्या शब्दाला प्रामाणिक आणि प्रश्नाच्या हेतूला बेइमान!

मग ही पळवाट तिथल्या तिथे पकडायची कुणी? त्यासाठीच तर पुरवणी प्रश्न असतात. पण लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न जास्तीत जास्त २०, आणि त्यातल्याही थोड्यांचीच तोंडी उत्तरं होतात. अतारांकित २३० पर्यंत. त्यांना फक्त लेखी उत्तर, उलट विचारायची सोय नाही. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, नुसती लेखी उत्तरं. लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, या प्रश्नाला तेव्हा उत्तर मिळालं की अशी माहिती ठेवली जात नाही.

आता आपल्या कामाचं. लॅबमध्ये सॅम्पलमध्ये शिसं सापडलं नाही तर आपण शून्य लिहीत नाही. ‘डिटेक्शन लिमिटच्या खाली’ लिहितो आणि ती लिमिटही देतो. संसदेच्या उत्तरालाही हीच शिस्त लावा. ‘शून्य’, ‘नोंद नाही’ आणि ‘माहिती ठेवली जात नाही’ ही तीन वेगळी रीडिंग्ज आहेत. एक्सेलमध्ये तिन्ही ठिकाणी ० टाकलेले प्रबंध मी पाहिलेत (एका ड्राफ्टमध्ये माझाही होता, गाइडनी लाल पेनाने खोडला). आणि ‘राज्यांकडून मिळालेल्या माहितीनुसार’ हे शब्द दिसले की थांबा : तिथे केंद्र मोजत नसतं, राज्यांनी पाठवलेलं जोडत असतं. एखाद्या राज्याने काहीच कळवलं नाही, तर बेरजेत तेही शून्यासारखंच दिसतं.

हे नुसतं पद्धतशास्त्र नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी कुटुंबाला १० लाख द्यायला सांगितलं, २०२३ मध्ये रक्कम ३० लाख केली. मृत्यू कोणत्या रकान्यात गेला, की गेलाच नाही, यावर कुणाच्या तरी घरचा चेक अडकलेला असतो.

म्हणून मी आता प्रत्येक आकड्याशेजारी खासदाराने विचारलेला प्रश्न शब्दशः उतरवून ठेवतो. जुलै २०२१ च्या ओळीत ‘नोंद नाही, व्याख्या पहिली’ असं लिहिलंय. पुढची पायरी म्हणून माहिती अधिकारात अर्ज करताना ‘किती मृत्यू’ असं विचारणार नाही. २०१४ च्या निकालानुसार कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तारखेला किती नुकसानभरपाई दिली, तेवढंच मागणार आहे. पैसे दिल्याचा कागद कुठल्या ना कुठल्या फायलीत असतोच.