वाचायची इमारत

म्युझियम ऑफ द फ्युचर तुम्ही पाहिलेलं आहे. दुबईला गेला नसाल तरी कुणाच्या तरी रीलमध्ये, कुणा चुलतभावाच्या डीपीमागे नक्की पाहिलं असेल. शेख झायेद रोडच्या कडेला उभं असलेलं, मधोमध पोकळ चांदीचं कडं आणि त्यावर अंगभर अरबी अक्षरं. मास्टर्स करायला अमिरातीत आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीही तिथे फोटो काढला. फोटो झकास आला. वर काय लिहिलंय, हा प्रश्न मात्र पडला नाही. तो पडायला मला वर्षभर लागलं.

आधी माहिती. ही इमारत २२ फेब्रुवारी २०२२ रोजी उघडली. आराखडा शॉन किल्ला यांचा, अक्षरं अमिराती कलाकार मत्तर बिन लाहेज यांची. बाहेरचं आवरण १,०२४ तुकड्यांचं आहे. कोड लिहिणाऱ्या माणसाला हा आकडा लांबून ओळखू येतो. अक्षरं रंगवलेली नाहीत, त्याच खिडक्या आहेत. मजकूर म्हणजे दुबईचे शासक शेख मोहम्मद यांची तीन वचनं. माणूस शेकडो वर्षं जगत नाही, पण शेकडो वर्षं टिकेल असं काही घडवू शकतो, असा त्यातल्या एकाचा आशय.

दुबईत अरबीवाचून काहीही अडत नाही. किराणावाला मल्याळी, टॅक्सीवाला पेशावरचा, वर्गात इंग्रजी. मी अरबी बोलायला गेलो की समोरचा हिंदीत उत्तर देतो. त्यामुळे भाषेच्या वर्गात शिकलेलं ‘हॉटेल कुठे आहे?’ कधी वापरावंच लागलं नाही. भाषा खऱ्या अर्थाने आत शिरली ती दोन गोष्टींमुळे.

पहिली म्हणजे एक चूक. एका प्रोजेक्टसाठी मी अरबी नावांची पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम लिहिला. अरबी अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि सुटं असताना वेगवेगळं दिसतं. युनिकोडमध्ये त्याला नंबर मात्र एकच. जोडणीचं काम मजकूर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने आणि फॉन्टने करायचं. माझ्या प्रोग्रॅमने ते केलंच नाही. अक्षरं सुटी सुटी, तीही डावीकडून उजवीकडे. मला पान ठीक वाटलं. एक इजिप्शियन वर्गमैत्रीण ते बघून म्हणाली, “तू माझ्या नावाचे तुकडे करून उलटे टांगलेस.”

त्या शरमेपोटी मी सुलेखनाच्या वर्गाला जाऊ लागलो, ही दुसरी गोष्ट. तिथे हातात बोरू आला, तिरक्या टोकाचा. त्याने टेकवलेला चौकोनी ठिपका हेच माप. अलिफ किती ठिपके उंच, बे किती ठिपके रुंद, सगळं त्यात मोजायचं. ही मोजणी दहाव्या शतकातला बगदादचा वजीर इब्न मुक्ला याच्या नावावर सांगतात. पहिला महिना दोन-तीन अक्षरांतच गेला. उस्ताद लाल शाईने ठिपके मारून माझी अक्षरं मोजत आणि वही परत देत. अक्षर म्हणजे आकृती नव्हे, हाताने पार केलेलं अंतर आहे, हे तिथे कळलं.

मग मी पुन्हा म्युझियमसमोर जाऊन उभा राहिलो. अक्षरं सुलुस शैलीतली : उंच दांडे, एकमेकांत शिरलेले शब्द. पाऊण तास मान वर करून एक शब्द हाती लागला, ‘मुस्तक्बल’. म्हणजे भविष्य. त्यातली मूळ अक्षरं क-ब-ल. आपल्या ‘कबूल’मधली, ‘मुकाबल्या’तली. ज्याला सामोरं जायचं, ज्याचं स्वागत करायचं, ते भविष्य. लहानपणापासून तोंडात असलेला शब्द सात मजली खिडकीतून माझ्याकडे बघत असल्यासारखं वाटलं.

पण म्हणून इमारतीला पूर्ण मार्क देता येत नाहीत. सुलेखन वाचायला अवघड असतं, हा काही दोष नाही. मशिदीच्या घुमटावरची अक्षरंही गुंतागुंतीची असतात. पण तिथे येणाऱ्या अनेकांना तो मजकूर तोंडपाठ असतो. डोळे फक्त ओळख पटवतात. इथे रस्त्यावरची बहुतेक माणसं परदेशी, मजकूर अनोळखी. मग अक्षराची नक्षी होते. तीन वचनं एकाच सत्ताधाऱ्याची आहेत, ही गोष्टसुद्धा त्या नक्षीत झाकली जाते. न वाचता कौतुक करता येणारा मजकूर कुठल्याही सत्तेला सोयीचाच.

इमारतीची जमेची बाजू आत गेल्यावर दिसते. आतून तीच अक्षरं उलटी दिसतात, आरशातल्यासारखी, आणि उजेड त्यांच्यातूनच येतो. अक्षरं बुजवली तर आत अंधार होईल. नुसत्या सजावटीबद्दल असं म्हणता येत नाही. वाचक मिळो न मिळो, या इमारतीला तिच्या लिपीची गरज आहे.

परतताना टॅक्सीवाल्या खानभाईंना विचारलं, वरचं वाचता येतं का? ते म्हणाले, “अक्षरं लागतात, अर्थ नाही लागत.” उर्दूमुळे लिपी त्यांची, पण शब्द परके. माझं बरोबर उलट : काही शब्द घरचे, लिपी परकी. सिग्नलला मी त्यांना ‘मुस्तक्बल’ दाखवला. “अरे, हा तर आमचा मुस्तकबिल!” म्हणत ते हसले आणि मागचा हॉर्न वाजेपर्यंत पुढचा शब्द लावत बसले.

गावी आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद आहेत. दोन वर्षांपूर्वी मी त्यांचेही छान फोटो काढले होते. ते अजून फोनमध्येच आहेत, न वाचलेले.