एका गाजलेल्या प्रयोगाची फेरतपासणी

मानसोपचारतज्ज्ञाला आपल्याकडे सर्रास ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हटले जाते. वैद्यकाच्या इतर शाखांतील काही मंडळीही त्याला पुरता डॉक्टर मानायला का-कू करतात. हा अविश्वास केवळ अज्ञानातून आलेला नाही. त्याला ‘शास्त्रीय’ आधार पुरवणारा एक शोधनिबंधही आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान यांचा हा निबंध जानेवारी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आठ निरोगी माणसे बारा मनोरुग्णालयांत गेली. खोटे नाव-व्यवसाय सोडल्यास त्यांनी ‘आवाज ऐकू येतात’ एवढेच खोटे सांगितले. सगळ्यांना दाखल करून घेतले गेले. एक वगळता सर्व निदाने स्किझोफ्रेनियाची! पुढे ती नेहमीसारखी वागली, तरी सरासरी १९ दिवस आत राहिली. निष्कर्ष काय, तर मनोरुग्णालयात शहाणा कोण आणि वेडा कोण हे ओळखता येत नाही.

पण हाच नियम इतर शाखांना लावून पाहू. मेंदूविषयक संशोधक सीमूर केटी यांनी विचारले होते, की कोणी गुपचूप रक्त पिऊन इस्पितळात आला आणि तेथे रक्ताची उलटी केली, तर डॉक्टर जठरव्रणाचे निदान करणारच. त्यावरून वैद्यकाला निदान येत नाही असे ठरते का? रॉबर्ट स्पिट्झर यांनी १९७५ मध्ये आणखी मर्मावर बोट ठेवले. या माणसांना सोडताना कागदांवर ‘लक्षणे ओसरलेली’ असा शेरा होता, आणि स्किझोफ्रेनियाच्या खऱ्या रुग्णांना तो क्वचितच मिळे. म्हणजे डॉक्टरांना फरक दिसला होता!

पत्रकार सुझाना कॅहलन यांनी ‘द ग्रेट प्रिटेंडर’ (२०१९) या पुस्तकात तर मुळालाच हात घातला. रोझेनहान यांच्या स्वतःच्या रुग्णालयीन नोंदींत आत्महत्येच्या विचारांसह बरीच जास्त लक्षणे सांगितलेली आढळली. बाकीच्या सातांपैकी त्यांना एकाचाच माग लागला. रुग्णालयाचा चांगला अनुभव आलेला नववा सहभागी निबंधातून वगळला गेला होता.

रुग्णाशी कर्मचारी धड बोलतही नाहीत, ही निबंधातील तक्रार मात्र आम्हाला आजही रास्त वाटते. निदानाचे निकष तेव्हा ढोबळ होते, हेही खरे. १९८० मध्ये अमेरिकी निदानपुस्तिका बदलली, त्यामागे हेही एक कारण होते.

हा प्रयोग आम्हीही व्याख्यानांतून अनेकदा सांगितला आहे. श्रोते हसत. तो ‘लक्षणे ओसरलेली’ शेरा सांगायचे मात्र आम्हाला कधी सुचले नाही.